कष्टकरी गायक-गीतकाराची घडण : वामनदादा कर्डक आणि त्यांच्या आगेमागे

स्वतः गीत रचून स्वतःच ते चारचौघांत गाणारा कलावंत मराठीला नवा नाही. कीर्तनकार संत, डफावर थाप मारणारे पेशवाईतले शाहीर आणि फडावर उभे राहून सवाल-जवाब करणारे कलगी-तुऱ्याचे भेदिक कवी ही सगळी त्याचीच वडीलधारी मंडळी. परंतु विसाव्या शतकात गिरण्या, गोद्या, कोळशाची वखार आणि मालधक्का यांच्या आसपासच्या वस्त्यांतून जो गायक-गीतकार उभा राहिला, त्याच्या उमेदीच्या वर्षांकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. त्याच्याविषयी लिहिले गेले ते बहुधा दोन प्रकारे : एक तर ‘शाळेचे तोंड न पाहता कवी झाला’ अशा नवलाच्या भाषेत, नाही तर चळवळीच्या इतिहासातला एक प्रचारक म्हणून. पहिल्या प्रकारात त्याने घेतलेले शिक्षण दिसत नाही आणि दुसऱ्या प्रकारात त्याची कला दिसत नाही. वास्तविक या कलावंतांची सुरुवातीची वर्षे म्हणजे त्यांच्या गीतरूपाची कार्यशाळाच होती. ओळ किती लांब असावी, ध्रुवपद किती वेळा यावे, चाल कुठून घ्यावी आणि कवीचे नाव कुठे यावे हे सारे निर्णय कामाचे तास, खोलीचे क्षेत्रफळ आणि समोरच्या श्रोत्याची साक्षरता यांनीच ठरवून दिले होते. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे वामन तबाजी कर्डक, म्हणजे महाराष्ट्राचे वामनदादा, हे याचे सर्वांत ठळक उदाहरण असल्याने प्रस्तुत आढाव्याच्या केंद्रस्थानी तेच आहेत.

हा प्रश्न केवळ मुंबईच्या जुन्या गिरणगावापुरता नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि ठाणे खाडीच्या पलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने दिघ्यापासून नेरुळपर्यंत कारखान्यांचा लांबलचक पट्टा उभा राहिला. पावणे हे त्याच पट्ट्यातले गाव. आगरी-कोळी समाजाचे मूळ गावठाण, त्याच्या अंगावर आलेली रसायनांची व अभियांत्रिकीची कारखानदारी, मागे पारसिकच्या डोंगररांगेत दगडखाणींच्या जखमा आणि राज्याच्या व देशाच्या दुष्काळी भागांतून कामासाठी आलेल्या माणसांच्या वस्त्या अशी तिथली रचना आहे. एकीकडे जमीन गेलेले भूमिपुत्र आणि दुसरीकडे गाव सुटलेले कामगार अशा दोन प्रकारच्या तुटलेपणाची माणसे एकाच भोंग्यावर कामाला लागतात, तेव्हा त्या जागी गाणे कसे तयार होते, हा प्रश्न शिवडी-नायगावला १९४० च्या दशकात जितका खरा होता तितकाच पावण्यासारख्या गावी आजही खरा आहे.

जगात अन्यत्र या प्रश्नाचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उत्तर म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे ‘सोल’ संगीत होय. चर्चमधील समूहगायनाची, म्हणजे गॉस्पेलची, आर्त गायकी आणि शहरी वस्त्यांतल्या ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’चा ठेका यांच्या मिलाफातून १९५० च्या दशकात ही शैली आकाराला आली. देवाला उद्देशून गायची पद्धत तीच ठेवून रे चार्ल्स, सॅम कुक यांच्यासारख्यांनी ती माणसांच्या सुखदुःखाकडे वळवली. या परंपरेतल्या बिल विदर्स या गायक-गीतकाराचे आरंभीचे आयुष्य मराठी वाचकाला विशेष ओळखीचे वाटेल. वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसाखाणीच्या गावी ४ जुलै १९३८ रोजी त्यांचा जन्म झाला; बोलताना ते अडखळत; वडील ते तेरा वर्षांचे असताना वारले; सतराव्या वर्षी ते नौदलात गेले आणि नऊ वर्षे तिथे राहिले. पुढे १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला येऊन विमानांसाठी शौचालये बनवणाऱ्या कारखान्यात काम करता करता त्यांनी गाणी रचली. १९७१ साली ‘जस्ट ॲज आय ॲम’ हा त्यांचा पहिला संग्रह निघाला तेव्हा वयाची तिशी उलटून गेली होती. त्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर ते जेवणाचा डबा हातात घेऊन कारखान्याच्या दाराशी उभे आहेत. गायकाची ओळख करून देताना त्याच्या हातात वाद्याऐवजी डबा असावा, हा साधा तपशील त्या संगीताविषयी पुष्कळ काही सांगून जातो.

महाराष्ट्रात चर्चच्या जागी जलसा होता. तमाशाचा जुना आराखडा गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग असा चालत आलेला. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केल्यानंतर पुढे त्या विचाराच्या मंडळींनी हाच आराखडा घेऊन त्यातला देव, शृंगार आणि बतावणीतला पाचकळपणा यांच्या जागी शेतकऱ्याची लूट, भटशाही आणि शिक्षणाची गरज हे विषय आणले; तो सत्यशोधक जलसा. १९३० च्या दशकापासून आंबेडकरी जलशांनी त्याला आणखी धार दिली आणि भीमराव कर्डक यांच्यासारखे शाहीर गावोगाव हिंडू लागले. त्यांचे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक या विषयावरचे एक मोलाचे साधन असून ते खुद्द जलसाकाराने लिहिलेले आहे, याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. जलशाने पुढच्या पिढीच्या गीतकाराला तीन गोष्टी तयार दिल्या : ऐकायला बसलेला निरक्षर पण अत्यंत जाणकार श्रोता, ढोलकी-तुणतुणे-डिमडी एवढ्यावर भागणारा वाद्यमेळ आणि गाणे म्हणजे नुसती करमणूक नव्हे ही पक्की समजूत.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी येथे झाला. वडील तबाजी लवकर गेले आणि आई सईबाईंच्या कष्टांवर घर चालले. गुरे राखणे, मोलमजुरी आणि अंगमेहनतीची मिळतील ती कामे यांतच त्यांचे बालपण सरले. शाळा त्यात नव्हती. मुंबईत आल्यावर शिवडीच्या बीडीडी चाळीत त्यांचा मुक्काम पडला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधलेल्या या चाळींतली एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि तेवढ्यात एखादे कुटुंब व गावाकडून आलेले चार पाहुणे सहज राहत. अशा घरात एकांत नसतो. म्हणूनच इथे घडलेल्या कवीची कविता पहिल्या ओळीपासूनच दुसऱ्याच्या कानावर पडत असते. दुरुस्तीही शेजारीच सुचवतात, आणि जी ओळ शेजाऱ्याच्या तोंडी बसत नाही ती टिकत नाही. वामनदादांच्या गीतांमधील विलक्षण सोप्या, बोलताना सहज निघाव्यात तशा ओळींचे मूळ शोधायचे तर ते या भिंतींच्या पातळपणातही शोधावे लागेल.

गिरणीत, कोळशाच्या वखारीत आणि मिळेल तिथे त्यांनी काम केले, काही काळ चित्रपटांत ‘एक्स्ट्रा’ म्हणूनही उभे राहिले. चाळीतल्या कोणी एकाने गावाकडून आलेले पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि आपल्याला वाचता येत नाही या जाणिवेने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ही हकिगत सर्वत्र सांगितली जाते. तिच्यातल्या अश्रूंपेक्षा तिच्या नंतरचा भाग जास्त मोलाचा आहे. समता सैनिक दलाच्या संपर्कात आलेल्या या तरुणाला देहलवी मास्तरांनी मुळाक्षरे शिकवली आणि बाराखडी हाती आल्यावर तो रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या जोडाक्षरांसह वाचत सुटला. म्हणजे अक्षरओळख झाली ती वयाच्या विशीच्या सुमारास, आणि तीही रात्री, कामावरून आल्यानंतर. ज्याने तोवरचे सारे जग कानाने साठवले, त्याला अक्षर मिळाले ते साठवलेले टिपून ठेवण्याचे साधन म्हणून. शाळेतून आलेला कवी छंद शिकतो आणि मग कानाला वळण लावतो; वामनदादांचा क्रम नेमका उलटा होता. पुढे त्यांनी लावणी, पोवाडा आणि गझल या निरनिराळ्या घाटांत लिहिले, तेव्हाही मात्रा मोजण्याचे काम त्यांचा कानच करीत होता, असे त्यांच्या ओळींची सहजता पाहून म्हणावेसे वाटते.

त्यांचे पहिले गीत १९४३ सालचे, आणि ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. त्याच वर्षी नायगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाहण्याचा व ऐकण्याचा योग आला आणि विनोदी विडंबनाकडून त्यांची लेखणी निश्चित दिशेने वळली. विडंबनाची ही पहिली पायरी चरित्रकार बहुधा चटकन ओलांडून जातात. पण नवशिक्या गीतकारासाठी तिच्याइतकी कडक तालीम दुसरी नाही. चाल दुसऱ्याची असल्याने ओळीची लांबी, सम कुठे पडायची आणि यमकाचा घाट हे सारे आधीच ठरलेले असते. त्या पक्क्या साच्यात स्वतःचा अर्थ बसवण्याची सवय एकदा हाताला लागली की पुढे कोणत्याही चालीवर, उभ्या उभ्या, गाणे रचता येते. रात्ररात्रभर चालणाऱ्या गायन पार्ट्यांच्या मुकाबल्यात समोरच्या पार्टीच्या सवालाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागे, आणि तिथे हीच सवय कामाला येई.

ही उत्तरे सुचायला वेळ कुठून मिळे, हे गाण्याची बांधणी जवळून पाहिल्याखेरीज कळत नाही. मुख्य गायक ध्रुवपद म्हणतो, मागचे झीलकरी ते दुबार-तिबार उचलतात, ढोलकीवाला त्यावर तुकडा घेतो आणि तेवढ्या अवधीत मुख्य गायकाच्या मनात पुढचा अंतरा जुळून येतो. श्रोत्यांना ती आळवणी वाटते, गायकासाठी तो कामाचा वेळ असतो. बिल विदर्स यांच्या १९७१ च्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात मध्यावर दोनच शब्दांचा एक तुकडा सलग सव्वीस वेळा येतो. तिथे पुढे खरे शब्द घालायचा त्यांचा विचार होता, पण ध्वनिमुद्रणातल्या साथीदारांनी आहे तसेच राहू दे म्हटले आणि ती रिकामी जागाच त्या गाण्याचा प्राण ठरली. समूहाने उचलून धरलेली पुनरुक्ती हा चर्चचा आणि जलशाचा समान वारसा असून दोन्हीकडे कष्टकरी कवीला लेखनाची सवड तिनेच दिली.

गाणे मंचावरून उतरून लोकांच्या घरी गेले ते पुस्तिकांमधून. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जमिनीवर अंथरलेल्या कापडावर आजही अशा गीतपुस्तिका मांडलेल्या असतात. मुखपृष्ठावर बाबासाहेब किंवा बुद्ध, आत हलक्या कागदावर दाट छपाई, प्रत्येक गीताच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या चित्रपटगीताचा उल्लेख, खाली ध्रुवपद व आकडे घातलेली कडवी आणि शेवटच्या कडव्यात कवीचे नाव. ‘चाल’ लिहिलेली ती एक ओळ म्हणजे या परंपरेची स्वरलिपीच आहे : ज्याला सारेगम वाचता येत नाही त्यालाही ते चित्रपटगीत पाठ असते, त्यामुळे पुस्तिका विकत घेतल्या क्षणी गाणे त्याच्या गळ्यात उतरते. शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा तर त्याहून महत्त्वाची. तुकारामांच्या अभंगांपासून चालत आलेली ही पद्धत वामनदादांनी कसोशीने पाळली. त्यांच्या गीतांच्या अखेरीस ‘वामन’ हे नाव यमकाच्या आणि मात्रेच्या हिशेबात असे गुंतलेले असते की ते काढले तर कडवे कोसळावे. ज्याच्यापाशी स्वामित्वहक्काची कागदपत्रे नव्हती, ज्याची गाणी शेकडो गायक परवानगीशिवाय गात होते, त्याच्या कर्तृत्वाची नोंद गाण्याच्या पोटातच करून ठेवण्याचा हा उपाय होता आणि तो बऱ्याच अंशी यशस्वी ठरला. शर्मिला रेगे यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी या पुस्तिका व जलसे यांना गंभीर अभ्यासाचा विषय मानले, ही मराठी विद्याविश्वातली महत्त्वाची घटना होय; मात्र त्यांच्या अभ्यासाचा भर ज्ञानव्यवहारावर व जात-लिंगभावावर होता आणि गीतांच्या बांधणीचा कसून अभ्यास अजून व्हायचा आहे.

वामनदादांची पुस्तके उशिरा आली : ‘वाटचाल’, ‘मोहळ’ आणि ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह १९७० च्या दशकातले, आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन त्याहून पुष्कळ नंतरचे. तोवर तीन दशके ते गावोगाव गात हिंडले होते. देशातल्या बड्या उद्योगघराण्यांची नावे एकामागून एक घेऊन त्या धनात आमचा वाटा कुठे आहे, असे विचारणारे त्यांचे गीत आजही कामगारांच्या सभांत म्हटले जाते, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या श्रोत्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

वामनदादांच्या समकालीनांत अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची घडण वेगळ्या वाटेने झाली. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले, वडिलांबरोबर पायी मुंबईला आले, हमालीपासून गिरणीकामापर्यंत सर्व केले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या सहवासात लिहू लागले. वस्तीतल्या डासांवर रचलेले गाणे ही त्यांची सुरुवातीची रचना सांगितली जाते, आणि ती योग्यच म्हणावी लागेल, कारण त्या वस्तीचा सर्वांत जवळचा शत्रू तोच होता. अमर शेख, म्हणजे मूळचे मेहबूब हुसेन पटेल, यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, बार्शीचा. गाडीवरच्या क्लिनरपासून गिरणी कामगारापर्यंतची कामे, संप आणि तुरुंग यांतून ते आले. आणि त्यांच्या बुलंद आवाजामागे आईने जात्यावर गायलेल्या ओव्यांचे संस्कार होते. द. ना. गव्हाणकरांसह या दोघांनी १९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. पक्षाच्या पाठबळामुळे त्यांना तालमीची जागा, दौऱ्यांचे नियोजन आणि स्टालिनग्राडपर्यंतचे विषय मिळाले. वामनदादांपाशी असे संघटित पाठबळ कमी होते, पण श्रोत्यांशी नाते रक्ताचे होते. कलापथकाच्या गीताला मोठ्या घटनेची चौकट लागते, ती चौकट सरली की गीत इतिहासात जाते. वामनदादांचे गीत मात्र नामकरण, लग्न, पुण्यानुमोदन अशा घरगुती प्रसंगांत शिरले आणि म्हणूनच अधिक काळ जिवंत राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली अण्णाभाऊंची मुंबई आणि गावाकडची मैना यांची छक्कड हा याला सन्मान्य अपवाद. तिथे राजकीय मागणी आणि घर सोडून आलेल्या गड्याचा विरह एकाच कंठातून निघतात, आणि मराठीत सोल संगीताच्या सर्वांत जवळ जाणारी रचना कोणती असे विचारले तर तिचेच नाव घ्यावे लागेल.

आतापर्यंतची नावे सगळी पुरुषांची आहेत, आणि हा या विषयाच्या मांडणीतला मोठा दोष आहे. मराठीतली सर्वांत मोठी गायक-गीतकार परंपरा बायकांची, जात्यावरची आहे. हेमा राईरकर आणि गी पॉईत्व्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या असंख्य ओव्यांतून बायकांनी बाबासाहेबांविषयी, माहेराविषयी, दारुड्या नवऱ्याविषयी आणि स्वतःच्या मरणाविषयी जे रचले आहे ते कोणत्याही शाहिराच्या तोडीचे आहे. पण जाते ओढणाऱ्या बाईला मंच नव्हता. पावण्याच्या गावठाणासारख्या आगरी वस्त्यांत धवलारीण ही लग्नविधी चालवणारी गायिका असते. तिच्या धवळ्यांशिवाय लग्न लागत नसे, म्हणजे गाण्याला येथे विधीची प्रतिष्ठा होती. तरीही ती गायक म्हणून ओळखली जाई ती गावापुरतीच, आणि कॅसेटच्या काळात आगरी-कोळी गीतांचा बाजार बहरला तेव्हा धवळ्यापेक्षा ठेक्याच्या नाचगाण्याला मागणी आली. एखादी बाई गीतकार होते ती केव्हा आणि कशी, याचा शोध चाळीत आणि कारखान्यात न घेता स्वयंपाकघरात आणि लग्नमांडवात घ्यावा लागेल. तो घेतला गेल्याशिवाय या विषयावरचे कोणतेही विधान अर्धेच राहील.

उपजीविकेचा प्रश्न या सर्व कलावंतांच्या मागे अखेरपर्यंत लागून राहिला. विदर्स यांनी पहिला संग्रह निघत असतानाही कारखान्याची नोकरी सोडली नव्हती आणि १९८५ नंतर ध्वनिमुद्रणाचा धंदाच सोडून दिला; पण स्वामित्वधनाची व्यवस्था असल्याने जुनी गाणी त्यांना पोसत राहिली. मराठी लोकगायकाला बिदागी मिळे ती कार्यक्रमापुरती, आणि कॅसेट कंपन्यांच्या भरभराटीतही गीत लिहिणाऱ्याच्या पदरी फार थोडे पडे. मुलुंडच्या वस्तीत राहणारे विलास घोगरे हे असेच कवी-गायक. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात त्यांचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि चौथ्या दिवशी घोगरे यांनी आपले जीवन संपवले. पटवर्धन यांनी पुढे ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटातून त्यांचे आयुष्य आणि त्या परंपरेचे दुखणे मांडले, आणि आजच्या अभ्यासकाला या गायकांचे चेहरे, आवाज व वस्त्या एकत्र पाहण्यासाठी याहून चांगले साधन नाही. संभाजी भगत यांनी ही वाट नाटक-सिनेमापर्यंत नेली. २०१४ च्या ‘कोर्ट’ चित्रपटात शाहीर नारायण कांबळे हे पात्र गाते ती गाणी त्यांचीच, आणि त्या पात्रावरचा खटला गाण्याच्या परिणामाविषयीच चालतो.

आता ढोलकीच्या जागी संगणकावर तयार केलेला ठेका आला आहे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारल्यांच्या जमिनीच्या प्रश्नावर गाणे केले. या गायकांची ओळ ठेक्यावर चालते, चाल उसनी असली तरी त्यांना चालते, आणि कडव्यात स्वतःचे नाव गुंफण्याची जुनी रीत त्यांनीही सोडलेली नाही.